निळ्या कडीचा कावळा

त्या रविवारी नाना अंगणात पावटे सोलत बसले होते आणि केतकी पायरीवर बसून त्यांना मदत केल्यासारखं करत होती. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. उन्हाकडे पाठ करून बसावं इतपतच थंडी उरली होती. नानांचं सूप निम्मं भरलं तरी तिच्या पुढ्यात जेमतेम मूठभर दाणे पडले, तेव्हा नाना म्हणाले, “मॅडम, यापेक्षा कावळ्यांना शिकवणं सोपं दिसतंय.”

गावात तिला ‘कावळ्यांच्या मॅडम’ म्हणत, आणि हे नाव नानांनीच पसरवलं असावं असा तिला दाट संशय होता. नाना म्हणजे गावच्या हायस्कुलातले निवृत्त विज्ञानशिक्षक, माळी सर. कृष्णाकाठच्या त्या गावात पस्तिशी ओलांडलेला कुणीही भेटला, तरी तो एकदा तरी त्यांच्या वर्गाबाहेर अंगठे धरून उभा राहिलेला असायचा. केतकीची आई जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात दोघंच, आणि केतकी पुण्याला गेल्यापासून एकटे नाना. महिन्यातून एकदा ती शनिवारी संध्याकाळी यायची आणि रविवारी दुपारी निघायची.

कावळे नाहीसे झाले त्यालाही बारा वर्षं झाली होती. कसल्याशा तापाच्या साथीने दोन हिवाळ्यांत नदीकाठचे कावळे संपवले. आधी ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आलं ते घाटावर. दहाव्याला पिंड मांडून लोक उभे राहायचे आणि वर आभाळ रिकामं. सकाळची दुपार व्हायची. अखेर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचे आणि माणसं खाली मान घालून घरी जायची. गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, असं म्हणत. कसली, ते कळायचं नाही, आणि ते न कळणं पुढे कितीतरी वर्षं त्या घरात मुक्काम ठोकून राहायचं.

केतकीचा विषय पक्ष्यांचं वर्तन. बाहेरून आणलेल्या अंड्यांतून तिच्या संस्थेने पुन्हा कावळे वाढवले, पण नुसते वाढवून भागणार नव्हतं. कावळा जातीचाच संशयी. माणसाचा चेहरा तो वर्षानुवर्षं विसरत नाही, नवी वस्तू दिसली की आधी लांबून न्याहाळतो, आणि एकदा एखादी जागा धोक्याची ठरली की पिल्लांनाही तिथे उतरू देत नाही. ओट्याभोवती वीस माणसं दाटीने उभी असताना असा पक्षी खाली का येईल? त्याला कुणीतरी खात्री द्यायला हवी. केतकीने ती खात्री एका कडीत बसवली. प्रत्येक पिल्लाच्या पायात एक निळी, बारीक कडी. घाटावरच्या माणसाने बटण दाबलं की ती हलकेच थरथरायची. थरथर झाली की खाली ओट्यावर भाताचा गोळा आहे आणि तिथे कुणीही दगड मारणार नाही, एवढी एकच गोष्ट त्या पिल्लांना दोन महिने शिकवली जाई. मग त्यांना सोडून देत. एरवी ते साधे कावळे असत. बटण दाबलं की तीन मिनिटांच्या आत त्यांतला एक पिंडाला शिवायचा.

चार वर्षांत सत्तावीस घाटांवर ही सोय झाली. त्यात लपवाछपवी काही नव्हती. कडी सगळ्यांना माहीत होती. तरी कावळा शिवला की लोक हात जोडायचे, डोळे टिपायचे, सुटल्यासारखे घरी जायचे. संस्थेच्या पाहणीत शंभरातल्या सत्त्याण्णवांनी समाधान नोंदवलं होतं.

“मी उरलेल्या तिघांतला,” असं नाना म्हणायचे. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं, पण निवृत्त झाल्यापासून गावातल्या प्रत्येक दहाव्याला ते घाटावर हजर असत. जातायेता लोकांना सोबत होते, एवढंच कारण ते सांगत.

त्या रविवारीही विषय तिथेच आला. वरच्या आळीतले दोघे भाऊ विहिरीवरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. गेल्या आठवड्यात आईच्या दहाव्याला दोघं एका ओट्याशी उभे राहिले, तिसऱ्या मिनिटाला कावळा शिवला, आणि दोघं दोन वेगळ्या जिन्यांनी वर गेले. पूर्वी हे चाललं नसतं, असं नानांचं म्हणणं. कावळा येईना म्हटल्यावर चारचौघांनी त्यांना ढोसलं असतं, म्हातारीचा जीव कशात अडकलाय ते तुम्हालाच ठाऊक, बोला काय ते. आणि ऊन सोसवेना म्हणून का होईना, एकाने तोंड उघडलं असतं.

“उन्हात उभं करून वदवून घ्यायचं,” केतकी म्हणाली. “याला छळ म्हणतात, नाना. आणि ज्याला काय बोलायचं तेच कळत नाही त्याने काय करावं? पंधरा वर्षांची पोर असली तर?”

नानांचे हात थांबले. ती कुणाबद्दल बोलतेय ते दोघांनाही ठाऊक होतं. आईच्या दहाव्याला झाडावर कावळे होते, पण पाच तास एकही खाली उतरला नाही. आई आपल्यावरच कशासाठी तरी रागावून गेली, असं मनाशी धरून केतकी ते पाच तास उभी होती. ती पुढे पक्ष्यांच्या मागे लागली ती तिथूनच. पुन्हा कुठल्या पोरीवर तसं उभं राहायची वेळ येऊ नये.

“ते पाच तास तुला शिक्षा झाली,” नाना सावकाश म्हणाले. “मला मात्र ते पाच तास मिळाले. सोळा वर्षांच्या संसारात तुझ्या आईशी जे बोललो नव्हतो, ते मी तेव्हा बोललो.”

त्यांचे ओठ हलत होते, हे तिला आठवत होतं. ते गुरुजींच्या मागून मंत्र म्हणताहेत, असं तिने इतकी वर्षं धरलं होतं.

“तुला कुणीतरी जवळ घ्यायला पाहिजे होतं. ते माझ्याकडून राहिलं,” नाना म्हणाले. “पण तो दोष माझा. कावळ्याचा नव्हे.”

नानांनी पुन्हा शेंग हातात घेतली. तुझं यंत्र काढून टाक असं मी म्हणत नाही, ते म्हणाले, फक्त त्याला थोडा उशीर शिकव, तासाभराचा. आता कडीवाल्यांची बिनकडीची पिल्लंही घाटावर फिरू लागली होती, म्हणजे बटणाशिवायही कावळा उतरू शकत होता. उद्या सकाळी सुतारांच्या घरचं दहावं होतं आणि नानांनीच त्यांचं मन वळवलं होतं, की बटण नको, आपण थांबू.

“उद्याची सकाळ थांब,” नाना म्हणाले. “माझ्याबरोबर घाटावर ये. मनातलं बोलून झालं की माणूस काय करतो, ते नीट बघ. मी सांगणार नाही. तूच बघ.”

ही त्यांची वर्गातली जुनी सवय. उत्तर कधी सांगायचे नाहीत. केतकीला आज ते नको होतं. आईच्या दहाव्याबद्दल आणखी एक शब्दही ऐकायची तिची तयारी नव्हती.

“उद्या अकराला मीटिंग आहे, नाना,” ती म्हणाली.

मीटिंग होती. पण तासाभरापूर्वीच फोनवर निरोप आला होता, की ती गुरुवारवर गेली आहे.

“बरं,” नाना म्हणाले. त्यांनी सुपातले सगळे पावटे डब्यात भरले, झाकणाला रबर लावलं आणि डबा तिच्या पिशवीत ठेवला. तिच्या वाट्याचे मूठभर दाणे मात्र त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतले. “शास्त्रज्ञाने सोललेले आहेत. चव बघतो.”

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला तेव्हा केतकी पुण्याच्या घरी चहाचा दुसरा कप घेऊन खिडकीत बसली होती. फोन हणमंतचा होता. हणमंत घाटावर बटण सांभाळायचा. पन्नाशीचा माणूस, नानांचा जुना विद्यार्थी. तो बराच वेळ नुसता ‘ताई, ताई’ म्हणत राहिला. मग त्याने सांगितलं. सुतारांचा कावळा पावणेदोन तासांनी शिवला. सर उभे होते, बघत होते. शिवल्यावर, चला, झालं, असं म्हणून ते भिंतीला टेकून पायरीवर बसले. लोक पिंड आवरून वर निघाले, सरांना हाक मारली, तेव्हा ते उठले नाहीत.

गावी पोचून पुढचं सगळं करताना केतकी रडली नाही. लोकांना ते खटकलं नाही. माळी सरांची मुलगी आहे, असं ते म्हणाले.

पाचव्या दिवशी ती जुनी चित्रफीत शोधायला बसली. सोळा वर्षांपूर्वी, साथ यायच्या आधी, पीएचडीसाठी तिने याच घाटावर दोन हिवाळे कॅमेरा लावला होता. कॅमेरा कावळ्यांवर रोखलेला, माणसं कडेला अर्धीमुर्धी आलेली. तेव्हा तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता तिने कावळ्यांवरची नजर काढली आणि कडेची माणसं बघायला घेतली.

आवाज नव्हता. पिंड मांडला की माणसं ओट्याला भिडून उभी राहत. खांदे वर चढलेले, मुठी वळलेल्या, नजर झाडावर. कावळा हलत नसे. मग कुणीतरी पुढे होऊन काहीतरी म्हणे. बाकीचे माना हलवत. बराच वेळ काही घडत नसे. आणि मग कधीतरी एखादी बाई नाहीतर एखादा थोरला मुलगा बोलू लागे, आणि तो बोलतोय ते खरं बोलतोय, हे आवाज नसतानाही कळे. बोलून झालं की त्याचे खांदे खाली येत. आणि तो दोन पावलं मागे सरे. त्याच्याबरोबर बाकीचेही सरत, जमिनीकडे बघत, निवांत झाल्यासारखे. मिनिटा-दोन मिनिटांत कावळा उतरे.

तिने त्या दोन हिवाळ्यांतले अडुसष्ट विधी पाहिले. सगळीकडे असंच होतं, असं नव्हे. पण चाळिसांहून अधिक ठिकाणी होतं. झाडावर बसलेला तो संशयी पक्षी माणसांची शरीरं वाचत होता. जोवर ती ताठ होती तोवर ती त्याला शिकाऱ्यासारखी वाटत होती. मनातलं बाहेर पडलं की शरीर सैल पडायचं, माणूस मागे सरायचा, आणि जागा निर्धोक व्हायची. यात आत्मा कुठे नव्हता. पण इतक्या पिढ्या लोक जे सांगत आले, की गेलेल्याला हवं ते बोललात की कावळा शिवतो, त्यात लबाडीही नव्हती. बोलणाऱ्याला मात्र दम धरावा लागत होता. तिच्या बटणाने नेमका तोच काढून घेतला होता.

आईच्या दहाव्याची चित्रफीत कुणाकडेच नव्हती. पण पाच तास ओट्याला चिकटून, हाताच्या मुठी आवळून उभी असलेली मुलगी तिला डोळ्यांसमोर दिसली, आणि त्या दिवशी कावळा का उतरला नाही, तेही दिसलं. आईचा राग वगैरे काही नव्हता. सगळे बोलून मागे सरले असतील, नानासुद्धा. ती एकटी सरली नव्हती.

नानांना हे ठाऊक होतं का? असणारच. तूच बघ, असं ते उगाच म्हणत नव्हते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी ती घाटावर गेली आणि हणमंतला तिने सांगितलं, की उद्या आपल्याला बटण नको. कितीही वेळ लागला तरी. त्याने नुसती मान हलवली. तिने त्याला कारण सांगितलं नाही. तिच्याजवळ एक वाक्य होतं, नऊ दिवस ते तिच्या घशात होतं, आणि ते आपणहून बाहेर येणार नाही हे तिला स्वतःबद्दल पुरतं माहीत होतं. ऊन चढलं, लोक कंटाळले, आत्याने ढोसलं, की येईल. त्यासाठी तिला तास, दोन तास, हवे तर पाच तास हवे होते.

सकाळी सातला सगळे घाटावर जमले. सत्त्याहत्तर वर्षांची शकूआत्या, नानांची धाकटी बहीण. आत्याचा मुलगा संपत. शेजारपाजारचे, आणि नानांचे तीस-चाळीस विद्यार्थी. विधी केतकीने स्वतः केले. गुरुजी तरुण होते, एक डोळा घड्याळावर ठेवून. पाठोपाठ दुसऱ्या घरचं दहावं होतं. पिंड मांडून झाले. शेजारी तिने वाटीत पावट्याची उसळ ठेवली. तो डबा नऊ दिवस पुण्याच्या फ्रीजमध्ये होता, संपतने आदल्या दिवशी जाऊन आणला होता.

सगळे मागे होऊन उभे राहिले. पलीकडच्या करंजावर पाच-सहा कावळे होते. आत्याने पदर सावरला आणि रीतीप्रमाणे पहिली सुरुवात केली. “दादा, पोरीची काळजी करू नको. मी आहे तिला.”

पोर चव्वेचाळीस वर्षांची होती. कुणीतरी हसू दाबलं, केतकीलाही बरं वाटलं. आता संपत घराबद्दल काही म्हणेल, मग शाळेचे लोक ग्रंथालयाबद्दल, मग शांतता होईल, मग ऊन. तिने ओट्याच्या कडेला हात टेकला. घाई नव्हती.

करंजावरून एक कावळा सुटला, सरळ रेषेत आला, ओट्यावर उतरला, आणि डाव्या बाजूने पिंडाला चोच लावून भाताचा घास घेऊन उडाला.

लोकांचा एकदम सुस्कारा ऐकू आला. आत्याने हात जोडले. “तृप्त होता हो माझा भाऊ,” ती म्हणाली. “काही मागे ठेवलं नाही त्याने.” संपतने डोळे पुसले. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि पुढचं उरकायला घेतलं.

केतकीने आधी उसळीची वाटी पाहिली. तिला चोचही लागलेली नव्हती. बिनकडीचा कावळा आधी उसळीशी गेला असता. भातावर थेट येणारे पक्षी तिनेच वाढवलेले होते, भातावरच. आणि उडताना पायात निळं काहीतरी चमकलं होतं.

लोक जिना चढू लागले. तिने हणमंतकडे पाहिलं. तो खांबाआड उभा होता, एक हात खिशात. ती जवळ जाताच त्याने मान खाली घातली.

“सरांनी एकदा सांगितलं होतं मला,” तो म्हणाला. “तुम्ही लहान असताना इथे कशा उभ्या होता ते. सांगताना सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आज तुम्ही तशाच उभ्या राहिलात, ओट्याला हात लावून. मला नाही बघवलं, ताई. सरांनाही नसतं बघवलं.”

तिला रागवायचं होतं. पण तो तिचंच तर काम करत होता. पुन्हा कुठल्या पोरीने तसं उभं राहू नये, म्हणून तर तिने ते बटण त्याच्या हातात दिलं होतं, आणि त्याने ते जिवापाड सांभाळलं होतं. आज ती पोर ती स्वतः होती. शंभरातल्या सत्त्याण्णवांना काय मिळत होतं ते तिला आता कळलं. लोक खरंच समाधानी होते. आत्या समाधानी होती. आणि तिचं वाक्य होतं तिथेच होतं. आता ते कुणी मागणार नव्हतं.

“असू दे, दादा,” ती म्हणाली.

वरून आत्याने हाक मारली, चल ग, घरी पानं वाढायचीत. जिन्यावरून पुढच्या घरची माणसं परात घेऊन खाली येत होती. त्यांच्यातली एक म्हातारी बाई, बहुधा गेलेल्याची बायको, सुनेचा हात धरून एकेक पायरी उतरत होती. गुरुजी नम्रपणे म्हणाले, की ताई, ओटा मोकळा करायला हवा, वेळ होते आहे.

केतकी परत ओट्याशी गेली. आता तिथे कावळा नव्हता, आणि जे कुणी होतं ते परकं होतं.

“मला पाच मिनिटं हवीत,” ती म्हणाली. “माझं राहिलंय.”

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. म्हातारी तोवर शेवटच्या पायरीवर पोचली होती. तिने केतकीकडे पाहिलं, उसळीच्या वाटीकडे पाहिलं, आणि परात घेतलेल्या मुलाला हातानेच थांबवलं.

“बोल, बाई,” ती म्हणाली. “आम्हाला कुठं जायचंय.” मग ती हणमंतकडे वळली. “आणि बाबा, आमच्या वेळेला तू ते खिशातच ठेव. आमचं बोलणं पुष्कळ आहे.”

कुणीतरी हसलं. नदीवरून वारा येत होता. केतकीने ओट्यावरचा हात काढून घेतला. तो हात आपण इतका वेळ दाबून धरला होता, हे तिला बोटं दुखली तेव्हा कळलं.

“नाना,” ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली, “नाना. त्या सोमवारी मला मीटिंग नव्हती. मी मोकळी होते.”